हिरव्या गाडीचं काळं तेल

वस्ताद,

डॉक्टरीणबाईंच्या हिरव्या गाडीचं तेल मी बदललं हे तुम्हाला ठाऊक आहे. निम्मं काम तर तुमच्याच हातचं. पण त्या तेलापायी पुढं जे झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही जाऊनही आता तेरा वर्षं होत आली. सांगायला उशीर झाला असं म्हणण्यात अर्थ नाही. उशीर मी केला. तुमच्या हयातीतलं जवळपास एक वर्ष माझ्या हातात होतं. तुमचं गॅरेज माझ्या गॅरेजपासून सायकलवर दहा मिनिटांवर, आणि त्या वर्षात मी तुमच्याकडं कितीतरी वेळा येऊन गेलो. चहा प्यालो, गप्पा मारल्या, तुमच्या खोकल्यावर काढा सुचवला. एवढं सोडून बाकी सगळं बोललो. आज लिहायला बसलोय तर पहिल्यापासूनच लिहितो, कारण मधूनच सुरू केलं तर मी माझ्या सोयीचं तेवढं सांगेन. माझ्याबद्दल एवढं मला पक्कं माहीत आहे.

तुमच्याकडं आठ वर्षं काढून मी स्वतःचं गॅरेज टाकलं, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. पत्र्याचं छप्पर, गाडीखाली उतरायला एक खड्डा, एक जॅक आणि दारावर रंगवलेली पाटी. लोक यायचे ते माझ्या कानांचं ऐकून. इंजिन सुरू करायचं, मी डोळे मिटून उभा राहायचो आणि सांगायचो, अमुक ठिकाणी बिघाड आहे. बहुतेक वेळा तो तिथंच असायचा. ह्या कानांपायी तुम्ही मला एकदा झापलंही होतं. दारावरून एक ट्रक गेला आणि मी हातातला पाना न ठेवता ओरडलो, ‘ह्याचं मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय!’ ट्रकवाल्यानं थांबून बघितलं तर खरंच गेलेलं. सगळ्यांनी वाहवा केली. तुम्ही कानस घासायची थांबवलीत आणि म्हणालात, ‘देवानं कान चांगलं दिल्यात तुला. पर ऐकलं की लगीच बोललंच पायजे असं कुठं लिवलंय?’ मला ते फार लागलं होतं. पुढचे दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो.

तर एके दिवशी डॉक्टरीणबाई ती गाडी घेऊन माझ्या दारात आल्या. गाडी तुम्हाला आठवत असेलच. अमेरिकन, लांबीला जवळजवळ माझ्या गॅरेजएवढी, आणि तिला क्लचच नव्हता. ब्रेक आणि ॲक्सिलेटर, दोनच पायडल. गिअर आपला आपण पडायचा. बाईंच्या वडिलांनी ती कुठल्याशा संस्थानिकाच्या नातलगाकडून घेतली होती, ती लेकीसाठीच. लहानपणीच्या पोलिओनं बाईंचा डावा पाय गेलेला, त्यावर लोखंडी पट्ट्यांचा बूट. क्लच दाबायची गाडी त्या कधीच चालवू शकल्या नसत्या. अख्ख्या कोल्हापुरात त्यांना चालवता येईल अशी ही एकच गाडी, आणि तिचा मैलांचा आकडा एकदा पुरा फिरून परत शून्यावरून निघालेला.

‘पहिल्यावरनं दुसरा पडायला वेळ लावते,’ बाई म्हणाल्या. ‘आणि चढ आला की नुसतं इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. तुमच्या वस्तादांना दाखवली होती चार महिन्यांपूर्वी. ते म्हणाले हात लावू नका, आहे तशी चालवा. तेव्हा एवढी नव्हती.’

मी गिअरबॉक्सची तेलाची कांडी ओढून बघितली. ते तेल नवं असताना कोकमाच्या सरबतासारखं लाल असतं. कांडीला लागून आलं ते काळं, आणि वास असा की काहिलीत गूळ करपावा. बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. डॉक्टर माणूस, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं त्यांना लगेच कळायचं.

‘वाईट आहे?’

‘बघतो.’

‘बघतो म्हणजे काय? पेशंटला मीही असंच सांगते, मला अर्थ माहितीये त्याचा.’ मग म्हणाल्या, ‘दर गुरुवारी मी राधानगरीच्या अंगाला दवाखान्याला जाते. मधनंच बोलावणं आलं तर तसंही जावं लागतं. सगळे म्हणतात एस.टी.नं जा. एस.टी.च्या पायऱ्या बघितल्यात तुम्ही? ड्रायव्हर ठेवून बघितले दोन. दुसऱ्याच्या सवडीनं बाळं होत नाहीत हो.’

त्या रिक्षानं गेल्या आणि गाडी माझ्याकडं राहिली. तेल असंच ठेवलं तर ते जळून जळून महिन्या-दोन महिन्यांत गाडी उभी राहणार, हे वासच सांगत होता. आणि बदललं तर? मुंबईला एका दोस्ताला फोन लावला, तो परदेशी गाड्यांवर काम करायचा. तो म्हणाला, इतकी चाललेली गाडी असली की गिअर पकडणाऱ्या आतल्या पट्ट्या झिजून त्यांची भुकटी त्या काळ्या तेलातच मिसळलेली असते, आणि त्या भुकटीच्या जोरावरच पट्ट्या एकमेकींना धरून असतात. नवं, निसरडं तेल घातलंस की धरणं सुटतं. कधी काही होत नाही, कधी गाडी दुसऱ्या दिवशी उभी. ‘मी असतो तर घेतलीच नसती,’ असंही म्हणाला. पण मी घेऊन बसलो होतो.

म्हणून तुमच्याकडं आलो. तो दिवस मला आत्ताही समोर दिसतो. तुम्ही दारात बसून एक पिस्टन हातात फिरवून बघताय, आणि समोरच्या दुकानात डेंटर आण्णा कुठल्याशा गाडीचं मडगार्ड ठोकताहेत. तुमची दोघांची तीस वर्षांची दोस्ती, आणि ती सगळी गल्लीच्या आरपार शिव्यांवर चाललेली.

‘आण्णा, जरा दमानं ठोक, मेलेलं उठून बसंल!’

‘बसलं तर तुज्याकडंच धाडतो की, परत मारायला!’

मी तुम्हाला गाडीचं सांगितलं. पिस्टनवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, ‘म्हातारं माणूस हाय ते. आंघूळ घालशील नि घरचं रडत बसतील. हात लावू नगंस.’

‘पण वस्ताद, तसंच ठेवलं तरी जाणारच की.’

‘जाऊ दे. तुज्या हातनं नगं जायाला.’

‘का ते तरी सांगा.’

‘सांगितलं न्हवं एकदा? लई शाणा हाईस.’

मी उठलो. खरं सांगायचं तर मला राग आला होता. कारण न सांगता ‘नको’ म्हणणारा माणूस एकतर भ्यालेला असतो किंवा त्याला स्वतःलाच कारण माहीत नसतं, असं मला वाटलं. तुम्हाला माहीत नाही, असं मी ठरवून टाकलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा माणूस, अंगावर स्वतःच्या पाटीचा रंगही वाळलेला नव्हता. मुंबईच्या दोस्ताकडून लाल तेलाचे डबे एस.टी.च्या पार्सलनं मागवले. ते आले त्या दिवशी स्टँडवरून सायकलला बांधून आणताना मला वाटत होतं, हे डबे रस्त्यातच फुटले तर बरं होईल.

एका मंगळवारी सकाळी गाडी खड्ड्यावर घेतली. गिअरबॉक्सच्या बुडाला एक पसरट पत्र्याची परात असते, ती उतरवली. काळं तेल घमेल्यात सांडलं. परातीच्या तळाशी राखेसारखा मऊ राखाडी गाळ होता. तो मी चिमटीत धरून चोळला, परत परत चोळला. लोखंडाचा कण लागला असता तर खेळ संपलाच होता. कण लागला नाही. मग आठ वर्षांची सवय हाताला आली. तुमच्या गॅरेजचा कायदा, ‘धुतल्याबिगर झाकायचं न्हाय.’ इंजिन असो, गिअरबॉक्स असो, जुनं तेल काढलं की आत रॉकेल घालायचं, घटकाभर फिरवायचं, सगळी घाण बाहेर, मग नवं तेल. आपल्या सगळ्या उद्यमनगरात असंच करायचे, अजूनही करतात. मी परात तात्पुरती बसवली, रॉकेलचा डबा उचलला, वर तेल घालायच्या नळीत नरसाळं लावलं.

‘ठेव खाली.’

तुम्ही दारात उभे होता. खाकी पँट, पांढरा सदरा, चालत आलेले म्हणून धाप लागलेली. सहा महिन्यांत तुम्ही माझ्या गॅरेजला एकदाही आला नव्हता. डबे आणताना मला कुणीतरी बघून तुम्हाला सांगितलं असणार. तुम्ही माझ्या दोन्ही माणसांना चहाला पिटाळलंत, आणि बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसलात. मी डबा तसाच हातात धरून उभा.

‘आरं ठेव की त्यो डबा. आग हाय ती.’

मग तुम्ही सांगितलंत. मी तुमच्याकडं यायच्याही आधीची गोष्ट. अशीच एक बिनक्लचची गाडी, सरदार घराण्यातल्या कुणाची, बंगला गावाबाहेर तळ्याच्या अंगाला. काही झालेलं नव्हतं तिला. मालकांनी नुसतं तेल बदला म्हणून पाठवलेली. तुम्ही तुमच्या कायद्यानं रॉकेल घालून ती आतून लख्ख धुतलीत. ‘त्या गिअरात आतल्या पट्ट्यास्नी कागदाचं नि कापडाचं अस्तर असतंय, बाबा. मला काय ठावं? रॉकेल लागलं, सालपटं निघाली समदी.’ चौथ्या दिवशी गाडी पुढं जाईना. पुढचा एकही गिअर पडेना, फक्त रिव्हर्स पडायचा. बैल लावून ओढून नेली असती तर सगळ्या गावानं बघितलं असतं. म्हणून तुम्ही ती उलटी नेलीत. भर दुपारी, ऊन असं की माणूस रस्त्यावर नाही, उसाच्या फडांमधल्या गाडीवाटेनं, मान मागं वळवून, मैलभर. शेजारी आण्णा, मागच्या काचेतून बघत ‘डावीकडं, डावीकडं, आरं तुज्या, म्हस हाय म्हस!’ असं ओरडत. बंगल्याच्या फाटकातून गाडी ढुंगणाकडून आत गेली. मालकांना तुम्ही सांगितलंत, ‘जुनी झालती, म्हाराज. गेली.’ त्यांनी ते ऐकून घेतलं, तुमच्यावर भरवसा होता म्हणून. तुमच्या पाठीवर हात ठेवला.

‘त्यो हात अजून हाय माज्या पाठीवर,’ तुम्ही म्हणालात. ‘आण्णाला ठावं हाय, मला ठावं हाय. आता तुला. बास.’

‘बास, वस्ताद.’

मग तुम्ही बाह्या वर केल्यात. वीस वर्षं तुम्ही मनातल्या मनात ती गाडी परत परत उघडली असणार, कारण तुमच्याकडं सगळं तयार होतं. धुवायचं नाही. परातीत येईल तेवढंच काढायचं. वरचं निम्मं तेल आत असतं ते आतच राहू द्यायचं. तेवढंच नवं घालायचं, दहा-बारा दिवस चालवायची, परत तेवढंच काढायचं, परत घालायचं. ‘हळूहळू सवय लावायची. म्हाताऱ्याची कापडं एकदम काढायची न्हाईत.’ परात तुम्ही स्वतः पेट्रोलनं पुसलीत. आतली तेल गाळायची जाळी झटकून उन्हात वाळवलीत, चिंधी लावू दिली नाहीत, एक धागाही आत जाऊ नये म्हणून. बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या, पातळ तावातून नवं पॅकिंग कातरून दिलंत, ते इतकं नेमकं की मी अजून तसं कातरू शकत नाही. इंजिन तापवून, चालू ठेवून, गिअरची दांडी प्रत्येक खाचेतून फिरवून मग कांडी बघायची, हेही तुम्हीच दाखवलंत. जाताना तुम्ही वळून बघितलंतही नाही. मी तुमचे पाय धरायला हवे होते, पण माझे हात तेलात होते. आणि ते हात पुसेपर्यंत तुम्ही वळणापलीकडं गेला होता.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते.

गुरुवारी बाई गाडी न्यायला आल्या, सोबत त्यांचा कंपाउंडर. मी म्हणालो मी बरोबर येतो, पहिल्या मोठ्या चढापर्यंत. बाई चालवत होत्या, मी शेजारी, कंपाउंडर औषधांच्या पेट्या मांडीवर घेऊन मागं. सपाटीला ठीक होतं. माझा सगळा जीव कानात. पहिला सुटला... आणि मधली ती पोकळी, इंजिन नुसतं वर वर ओरडत चाललेलं, एक, दोन, तीन, आणि मग दुसरा धाडकन पडला. बाईंची बोटं चाकावर पांढरी पडलेली दिसत होती. चढावर तर तो पडलाच नाही. मागून ऊस भरलेला एक ट्रॅक्टर हॉर्न मारत आला, गाडी मधोमध थांबलेली. बाईंनी ती कशीबशी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

‘आधी एवढी नव्हती,’ त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, तोच मला ऐकवेना. ‘तुमच्या वस्तादांनी सांगितलं होतं हात लावू नका. मीच ऐकलं नाही. आणि तुम्ही बदललंत तेही निम्मंच? निम्मं का? उरलेलं कशासाठी ठेवलंय?’

‘बाई, दहा दिवस द्या. तिला सवय होऊ दे.’

‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’

पुस्तकात नव्हतं, वस्ताद. मी नुसतं ‘वस्तादांनी सांगितलंय’ म्हणालो असतो तरी चाललं असतं, असं मी नंतर हजार वेळा स्वतःला सांगितलं. पण तेव्हा वाटलं चालणार नाही. तुम्ही त्यांना ‘हात लावू नका’ म्हणालेले, मग आता हे कसं? त्या म्हणत होत्या, ‘जाऊ दे. विकून टाकते. देते कुणाला भंगारात आणि घरी बसते.’ आणि पट्ट्यांच्या पायावर हात ठेवून समोर बघत होत्या. दहा दिवसांचा धीर त्यांना मी कुठून आणून देणार होतो? म्हणून मी सांगितलं. तुमच्या उलट्या गाडीचं.

आणि नुसतं सांगितलं नाही. तुमची मान वळवून दाखवली. आण्णांची म्हैस दाखवली. फाटकातून गाडी ढुंगणाकडून आत गेली तेव्हाचा तुमचा चेहराही करून दाखवला. गोष्ट रंगली की मला थांबता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. बाई हसायला लागल्या. आधी ओठ दाबून, मग डोळे पुसत. मागं कंपाउंडर औषधाच्या पेट्यांवर डोकं टेकून हसत होता. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांनी चूक करून शिकलेलं तुम्ही मला देताय.’ आणि गाडी सुरू केली. ह्या वेळी चढावर, जोर कमी ठेवून, हळू हळू, दुसरा पडला. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला फार बरं वाटलं, वस्ताद. गिअर पडला म्हणून आणि त्या हसल्या म्हणून, दोन्ही. कुणाला सांगू नका असंही मी म्हणालो, पण ते हसता हसता म्हणालो.

पुढचे दहा दिवस मी गॅरेजमध्ये काम करत होतो आणि कान रस्त्यावर होता. त्या गाडीचा आवाज मला नाक्यापासून ओळखू यायचा. ती दारावरून जायची तेव्हा मी श्वास धरायचो, पहिल्यावरून दुसरा पडेपर्यंत. तीनाचं अंतर दोनावर आलं. बाराव्या दिवशी परत निम्मं काढलं. आता ते काळं नव्हतं, तांबूस होतं. नंतर आणखी एकदा. शेवटी दुसरा गिअर कधी पडला ते मलाही कान देऊन ऐकावं लागायचं. ती गाडी पुढं सात वर्षं चालली. राधानगरीच्या वाटेवर, पावसापाण्यात, बाई एकट्या. गिअर नीट पडायला लागला हे मी तेव्हाच तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ‘बरं झालं,’ आणि लगेच समोर ओरडलात, ‘आण्णा, चहा सांग! आज तुज्याकडनं!’ आण्णा म्हणाले, ‘काय बारसं हाय काय तुजं?’

दोन-तीन महिन्यांनी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी तुम्हाला म्हणालं, ‘काय वस्ताद, आज पुढं का मागं?’ आणि बाकीचे हसले. कंपाउंडरनं कुठं काय सांगितलं मला माहीत नाही, आणि त्यानं वाईटानं सांगितलं असेल असंही नाही. गोष्ट चांगली होती. मीच ती चांगली करून सांगितली होती.

तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आलात. सायकल हातात धरून चालत आलात. गॅरेजात कुणी नाही असं बघून विचारलंत, ‘तू कुटं बोललास?’

‘काय?’

‘ते.’

‘न्हाय वस्ताद. तुमची शपथ.’

मी प्लग साफ करत होतो. ते काम मी थांबवलं नाही, मान वर केली नाही. तुम्ही सायकल वळवून धरलीत. मग म्हणालात, ‘मग ऱ्हायला आण्णा.’ तेव्हा मी नुसतं ‘आण्णा बोलायचे न्हाईत, वस्ताद’ एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. माझं नाव न घेताही त्यांना वाचवता आलं असतं. मी प्लगवर फुंकर मारली.

आठवड्यानं मी तुमच्या गल्लीत आलो. आण्णांचा हातोडा चालू होता, तुमची कानस चालू होती, आणि मधल्या रस्त्यावर एकही शिवी नव्हती. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. गल्लीत आवाज काय कमी होते? पण मला ते दारातच कळलं. मी बसलेलो असताना आण्णा एकदा ओरडले, ‘आरं ए, कान फुटलं काय तुजं? दोन दिस झालं हाका मारतुय!’ तुम्ही कानस पालटलीत. आण्णा हातोडा हातात धरून तुमच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

पुढं तुमची छाती बिघडली. डॉक्टरीणबाईच तुम्हाला तपासायला यायच्या, त्याच गाडीतून. तुम्हाला नेलं त्या दिवशी मी पुढं खांदा दिला. आण्णा गल्लीच्या तोंडाशी उभे होते, खांद्याला कुणी बोलावलं नाही आणि ते आपण होऊन आले नाहीत. तीस वर्षांचा दोस्त, अनवाणी, टोपी हातात. लोकांना वाटलं काहीतरी देण्याघेण्याचं असेल.

आता माझं गॅरेज शिरोलीच्या रस्त्याला आहे, मोठं आहे, वीस-बावीस माणसं आहेत. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात आणि मी ऐकून घेतो. आण्णांचं दुकान बंद झालं. त्यांचा मुलगा एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, तो सकाळी जाताना त्यांना माझ्याकडं सोडतो, संध्याकाळी नेतो. दिवसभर ते दाराशी खुर्चीत बसून पत्रा ठोकणाऱ्यांच्या चुका काढतात. जन्मभर ठोकून ठोकून त्यांचे कान पार गेलेत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे छातीत हवा भरून ओरडावं लागतं, आणि ओरडलं की सगळं गॅरेज हातातलं काम थांबवून बघतं.

गेल्या महिन्यापासून त्यांनी एकच विचारणं धरलंय. दिवसातून एकदा तरी. ‘तुज्या वस्तादानं माज्याशी बोलणं का टाकलं रं? तू त्येचा माणूस. तुला ठावं असंल की.’ राग नसतो त्यात. आपण कुठं चुकलो, ते जायच्या आधी कळावं, एवढंच. मी हातानं ‘काय माहीत’ अशी खूण करतो. लिहून द्यावं म्हटलं तर त्यांना वाचता येत नाही. मुलाकडून वाचून घेतील, तोही माझ्याकडं रोज येणारा. म्हणून हे तुम्हाला लिहितोय. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. हे पाकीट टपालात टाकावं लागणार नाही, आणि तुम्ही दारात सायकल धरून उभे राहणार नाही.

आज दुपारी त्यांनी परत विचारलं. माणसं जेवायला बसली होती, जवळ कुणी नव्हतं. मी खुर्चीपाशी गेलो, खाली वाकलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ‘आण्णा, मी बोललो, तुम्ही नाही. वस्तादांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.’ सगळं, शेवटपर्यंत. मी मागं झालो तेव्हा आण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी मान हलवली, माझा दंड थोपटला आणि म्हणाले, ‘बरं, बरं. चहा सांग की.’

मी हळू बोललो होतो, वस्ताद. मुद्दाम.